नवमीच्या पाटावरची बंदूक

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही, देवाजवळ तर मुद्दामच नाही — देव्हाऱ्यासमोर उभा राहिलो की मुलींची नावं भराभर घेतो, त्यांना सुखी ठेव म्हणतो आणि सटकतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. आणि तरी हात आखडतोच आहे. तुम्ही कोण, कुणाचे, हे वाचून कुणाला दाखवाल? बघा, सुरुवातच संशयाने झाली. गेली काही वर्षं मी असाच झालोय.

मी कुवेतला असतो. शुऐबाच्या एका कारखान्यात नोकरी, सालमियात भाड्याचं घर. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात, आत, डोंगराच्या अंगाला. तिथे आमची भातशेती आहे, आणि भातशेती म्हटली की रानडुक्कर आलंच. कळप शिरून गेलेलं शेत ज्याने सकाळी पाहिलं नाही, त्याला बंदूक म्हटलं की मारामारी आठवते. आमच्याकडे ती कोयत्यासारखी घरातली एक वस्तू. ठासणीची — नळीत वरून दारू आणि छर्रे घालायचे आणि गजाने ठासायचं. परवाना आजोबांच्या नावावर होता. ते गेल्यावर तो स्वतःच्या नावावर करून घेताना कचेरीच्या पायऱ्यांवर बाबांच्या चपला झिजल्या. त्यातून निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करा — आणि ती लागायची नेमकी भात पिकायला आल्यावर. डुकरांना आचारसंहिता कोण समजावणार?

म्हणून तात्यांनी मंडळ काढलं. शेतीसाठी बंदूक ठेवणाऱ्यांचं मंडळ. तात्या म्हणजे आमच्या तालुक्यातलं मोठं प्रस्थ, जीभ गोड, ओळखी दांडग्या. इथे कुवेतमध्ये वशिल्याला वास्ता म्हणतात, कुठलंही काम अडलं की माणूस आधी वास्ता शोधतो. आमचा गावाकडचा वास्ता म्हणजे तात्या. बाबांचा परवाना त्यांनी करून दिला, असे कितीजणांचे करून दिले. मंडळाचं काम खरं होतं, हे मी आजही म्हणतो. पण मी हे फार वेळा म्हणतो, नाही? माझं मलाच ते हल्ली ऐकवत नाही.

कुवेतमधल्या आमच्या भागातल्या लोकांना मी मंडळात आणलं. व्हॉट्सॲपवर गट केला. नाव दिलं ‘भातशेती कुवेत’, कारण परक्या मुलखात फोनमध्ये बंदूक हा शब्द कोण ठेवेल? शुक्रवारी माझ्या हॉलमध्ये बैठक, चहा, गावच्या गप्पा. तात्या फोनवर मला ‘कुवेतचे अध्यक्ष’ म्हणायचे. मला ते गोड वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार गोड वाटायचं.

माणसं आणताना पहिला आणला तो हनीफ. आमच्या शेजारच्या वाडीतला, माझ्याबरोबर एका बाकावर बसलेला. शुवैखला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. शुक्रवारी आला की हातात झुबैदी असणार — म्हणजे आपलं पापलेटच — आणि दारातूनच ओरडणार, “वहिनी, साफ करून आणलीय, नाक मुरडू नका!” लहानपणी दसऱ्याला आमच्या घरी पहिलं सोनं घेऊन यायचा तो हनीफ. आमच्या घरातली कुठली वस्तू कुठे असते, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक.

आता मुद्द्याशी येतो. म्हणजे — येतोच आहे.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आणि मधोमध पाटावर बंदूक. झेंडूची फुलं, हळदकुंकू. एकदा पुजलं की दसरा होईपर्यंत पाटावरचं उचलायचं नाही. अख्ख्या पंचक्रोशीला हे माहीत. त्या दिवशी कुणाची बंदूक कुठे आहे हे विचारावंसुद्धा लागत नाही.

अशाच एका नवमीला, तिन्हीसांजेच्या सुमारास, हनीफच्या धाकट्या भावाच्या मांडीत छर्रे घुसले. मुनाफ त्याचं नाव. काजूच्या बागेची राखण करायचा. त्याने पोलिसांना सांगितलं, तात्या शहरातल्या पाहुण्यांना घेऊन शिकारीला आले होते, झुडपात हललं म्हणून डुक्कर समजून त्यांनीच बार टाकला. तात्या म्हणाले, माझी बंदूक तर नूतनीकरणासाठी ठाण्यात जमा आहे, मी कशाने मारणार? हाच चोरून शिकार करत होता, गावठी बंदूक हाताळताना स्वतःच्याच मांडीत झाडून घेतली. आणि खरोखरच झुडपात एक गावठी बंदूक सापडली. कशी सापडली, कुणी ठेवली — तुम्हाला काय वाटतं? मला तेव्हाही तेच वाटलं होतं.

मुनाफने आणखी एक गोष्ट सांगितली होती. तात्यांच्या हातातल्या बंदुकीच्या दस्त्याला पितळी तार गुंडाळलेली होती.

तशी तार आमच्या बंदुकीला आहे. आजोबांनी गुंडाळलेली.

हनीफने मला फोन केला. ओरडला नाही, आळ घेतला नाही. एवढंच विचारलं, “सुध्या, नवमीला तुमची बंदूक घरात होती ना रे?” आणि मी म्हणालो, “म्हणजे काय? पाटावर होती. बाबांनी मला फोटो पाठवलाय.” असा कुठलाही फोटो बाबांनी पाठवलेला नव्हता. मी आदल्या वर्षीचा शोधला. फॉरवर्ड केला असता तर वर तसं दिसलं असतं, म्हणून तो फोनमध्ये उतरवून घेतला, कडा कापल्या, मग पाठवला. एवढी अक्कल मला त्या घाईतही होती. भलत्या कामाला अक्कल बरी चालते माणसाची.

हनीफने तो फोटो भावाला पाठवला. म्हणाला, तू अंधुक उजेडात भलतंच पाहिलंस, भल्या माणसाच्या बापाचं नाव घेतलंस, आता तरी कबूल कर. मुनाफ म्हणाला, मी पाहिलं ते पाहिलं. शब्दाने शब्द वाढला. तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. हनीफ सुट्टीवर गावी जातो आणि मामाकडे उतरतो. मुनाफ काठी घेऊन चालतो, बिनपरवाना हत्याराच्या खटल्यासाठी तारखांना जातो, आणि गावात त्याला चोर म्हणतात.

फोटो पाठवल्यावर तासाभराने मी तो पुन्हा उघडून पाहिला. कापलेल्या कडेला दोन बोटं राहिली होती. कुंकू लावणारी, आणि मागे हिरव्या बांगड्यांची कड. आईचा हात. आणि आई तर या नवमीच्या आधीच, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात गेली होती. हनीफ स्वतः भेटायला आला होता, इथे माझ्याजवळ बसून रडला होता. गेलेल्या बाईचा हात त्या नवमीच्या फोटोत कसा?

त्याला दिसलं असेल का?

तेव्हापासून मी हा एकच प्रश्न जगतोय. हनीफ मासे घेऊन येतो — का आणतो? मी तोंड उघडेन म्हणून? मेसेज वाचून उत्तर दिलं नाही की वाटतं, कळलं. लगेच उत्तर दिलं की वाटतं, कळलंय, म्हणूनच इतकं गोड बोलतोय. एकदा त्याने सहज म्हटलं, तुझ्या आईच्या हातच्या घावन्यांची आठवण येते रे. मी त्या दिवशी जेवलो नाही. हात हा शब्द त्याने मुद्दाम वापरला असेल का? खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं. मला तर बायकोचाही संशय यायचा, गटातल्या प्रत्येकाचा यायचा. एकाने बैठकीत तात्यांबद्दल शंका काढली, तर मी त्याच्या मागे कुजबुजलो की हा फुटीर आहे, इथलं तिकडे पोचवतो. बिचाऱ्याने येणंच बंद केलं. मंडळ वाचवायचं होतं मला! असं मी स्वतःला सांगायचो.

आणि बाबा. खरं तर बाबांचंच सांगायला जीभ रेटत नाही. मुनाफवर गुन्हा नोंदला गेला तेव्हा बाबांचा फोन आला. म्हणाले, “मी ठाण्यात जाऊन सांगतो, बंदूक तात्याने नेली होती म्हणून. पोराचा पाय गेला रे.” मी म्हटलं, बाबा, दुसऱ्याला बंदूक देणं हा गुन्हा आहे, या वयात आत जाल. तुम्ही गप्प बसा. ते गप्प बसले. इतके गप्प बसले की पुढे नवमीला पाटसुद्धा मांडेनात. बंदूक कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, गुडघे दुखतात.

मी बाबांना वाचवलं, असं तुम्हाला वाटेल. मलाही पुष्कळ दिवस तसंच मानून घ्यायचं होतं. पण मग बाबा गेले. आता तुरुंगात कोण जाणार होतं? कुणीच नाही. बाराव्यानंतर मी कुवेतला परतलो, शुक्रवारी हॉलमध्ये सतरंजी अंथरली, आणि काही म्हणजे काही बोललो नाही. तेव्हा बाबांना वाचवायचं होतं ही माझी सबब आता तुम्हीही खरी धरू नका.

गेल्या शुक्रवारी गोष्ट या थराला आली. गावाकडे मंडळ फुटलंय. जुनी माणसं म्हणतात, तात्या शेतकऱ्यांच्या बंदुका घेऊन पाहुण्यांना शिकारी घडवतात, असल्या माणसामागे आम्ही राहणार नाही. कुवेतवाल्यांनी काय ते ठरवावं, असा निरोप आला. हॉल भरला होता. काहीजण म्हणत होते, माणूस कसाही असो, आपल्या परवान्यांसाठी उभं राहणारं दुसरं आहे कोण? काहीजण म्हणत होते, कुंपणच शेत खायला लागलं तर राखण कसली? मी खाली मान घालून बसलो होतो. मग कुणीतरी म्हणालं, आणि ते मुनाफचं प्रकरण?

हनीफ उठला. मला वाटलं, आता. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता. त्याने खिशातून फोन काढला आणि तो फोटो उघडला. म्हणाला, “मुनाफ माझा भाऊ आहे, तरी सांगतो. तो खोटं बोलला. हे बघा, नवमीला बंदूक ह्याच्या घरी पाटावर. सुध्याने मला तेव्हाच दाखवलं होतं. सख्ख्या भावापेक्षा मी ह्याच्या शब्दावर चाललो. आजही हा म्हणेल त्या बाजूला माझा हात.”

त्याला काहीच दिसलं नव्हतं. कधीच नव्हतं. मासे नुसते मासे होते.

फोन हातोहात फिरला. माझी बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती, तिच्यापर्यंत आला. तिने पाहिलं. सासूच्या बांगड्या सून ओळखणार नाही? तिने फोन पुढे दिला, ट्रे खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. सगळेच बघत होते, मी काय म्हणतो म्हणून. मी म्हणालो, मंडळात राहायचं. तात्यांच्या मागे राहायचं. हात वर झाले, आणि सगळ्यात आधी हनीफचा झाला.

सगळे गेल्यावर कपबश्या विसळताना बायको म्हणाली, “बाबा पाट का मांडत नव्हते, ते आज कळलं.” त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. तिला वाटतं, बाबांनी बंदूक दिली आणि मी झाकलं. तेवढंच तिला कळलंय.

बाबांनी दिली नव्हती. तात्या आले तेव्हा बाबांनी नाही म्हटलं होतं — पुजलेली आहे, पाटावरून उचलणार नाही. मग तात्यांनी मला फोन केला, ‘अध्यक्ष’ म्हणाले, जरा वडिलांना सांगा. मी तेव्हा कारखान्याच्या बसमध्ये होतो. तिथूनच बाबांना फोन लावला आणि त्यांच्यावर खेकसलो, की तात्यांसमोर माझी शोभा करू नका, द्या ती. बाबांनी माझं ऐकलं.

उद्या शुक्रवार आहे. हनीफचा आत्ताच मेसेज आलाय, झुबैदी चांगली मिळालीय, घेऊन येतो. मी ‘ये’ असं लिहिलंय. तो येईल, मी दार उघडेन, आणि मला माझी खात्री नाही. म्हणून निदान इथे लिहून ठेवतो — फोटोतला हात माझ्या आईचा आहे. त्या नवमीला पाट रिकामा होता, माझ्या सांगण्यावरून. मुनाफ खरं बोलला होता.