शेजाऱ्याची साक्ष
पत्रकं चिकटवायची खळ शिजायला लागली की तिच्या आंबूस वासाने मला धुळ्याच्या कोर्टातला तो खटला आठवतो. गावोगावच्या शेतकऱ्यांनी कापूस देऊन उभं केलेलं कॉलेज चार बडे विश्वस्त खुशाल स्वतःच्या मालकीचं म्हणत होते, आणि गावांच्या बाजूने लढणाऱ्या आमच्या वकीलसाहेबांना देणाऱ्यांच्या साक्षी हव्या होत्या. मी त्या लढ्याची पत्रकं छापून भिंतींवर चिकटवायचो. मी त्यांना एका गावच्या पारावर घेऊन गेलो. "कोणी कोणी दिलं?" विचारलं, तर कोणी स्वतःचं नाव सांगेना. शेवटी एक आबा म्हणाले, "दिधं ते दिधं, भाऊ. आपला तोंडे सांगानं नही." मी भडकलो, "मग कॉलेज गेलं समजा! घाबरट म्हणून तुमची नावं छापतो!" "छाप," आबा शांतपणे म्हणाले. वकीलसाहेबांनी मला खाली बसवलं आणि नुसतं विचारलं, "आबा, तुमच्या या शेजाऱ्याने काय दिलं?" "यानी? गाडीभर कापूस दिधा, मन्हा डोयासमोर!" शेजारी उसळला, "आनि आबानी तर दोन गाड्या!" मग पारावर नुसता गलका. कोर्टातही तसंच झालं. प्रत्येक जण शेजाऱ्याचं दान सांगून खाली उतरला आणि कॉलेज गावांचं राहिलं. परतताना मी विचारलं, "साहेब, तुम्ही काय दिलं होतं?" ते हसून म्हणाले, "माझ्या शेजाऱ्याला विचारा." एवढी पत्रकं छापली, पण साहेबांच्या धुळ्यातल्या त्या शेजाऱ्याचं दार ठोठावायचं राहूनच गेलं. आज पुन्हा खळ शिजतेय. उद्या पत्रकं चिकटवायला धुळ्याला जातोय, आणि भिंतींच्या आधी त्या दाराशी जाणार आहे.