शकूचा डेंगू आणि हौदाचा तळ

"एनएस-वन पॉझिटिव्ह आहे. यांना आजच भरती करा," डॉक्टर म्हणाले. त्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो असा, की उद्या नळाचा दिवस आहे, तर परवा भरती केलं तर चालेल का?

डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. खुर्चीत चादर गुंडाळून थरथरणारी माझी बायको शकू, जिला धड मान वर करता येत नव्हती, तीही म्हणाली, "परवा चालंल ओ डॉक्टर. उद्या पाणी हाय."

ज्यांच्या घरी रोज नळ येतो त्यांना आम्ही दोघं वेडे वाटू. त्यांनी हे वाचू नये. हे ज्यांच्यावर उद्या ही पाळी येऊ शकते त्यांच्यासाठी लिहिलंय.

एनएस-वन म्हणजे रक्ताची एक तपासणी. डेंगूचा विषाणू अंगात शिरला की ताप सुरू झाल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत त्याची खूण रक्तात सापडते, ती ही. मला तर ते बसचं नाव वाटलं.

परभणीत आमच्या गल्लीत नळ दहा दिवसांनी येतो. दहा हा झाला मुहूर्त, प्रत्यक्षात बारा, तेरा, जसं जमेल तसं. एकदा तर इतक्या दिवसांनी आला की गल्लीतलं कुत्रं त्याला अनोळखी समजून भुंकत सुटलं. पण नळ किती का उशिरा येईना, माझ्या घरी पाणी कमी पडत नसे, कारण माझा धंदा मंडप आणि लग्नाची भांडी भाड्यानं देण्याचा. दोनशे माणसांचा भात शिजेल अशा सहा कढया, बारा पिंपं, हंडे-घागरी तर विचारू नका. एका कढईत म्हैस पोहू शकते. एकदा पोहलीही होती, पण तो विषय वेगळा. नळाच्या दिवशी हे सगळं काठोकाठ भरायचं. त्या आठवड्यात कुणाच्या घरी लग्न निघालं तर मी सरळ सांगायचो, तिथी बदला, कढया गुंतल्यात.

शिवाय अंगणात हौद. शकूचं माहेर राणीसावरगावचं. तिच्या आईची शिकवण अशी, की धान्याच्या कणगीचा तळ दिसू द्यायचा नाही, दिसला की घर उठतं. शकूनं तोच नियम हौदाला लावला. काही झालं तरी चार बोटं पाणी खाली राहिलंच पाहिजे. घर बांधून नऊ वर्षं झाली, हौदाचा तळ आम्ही दोघांनीही पाहिला नव्हता.

आरोग्य खात्याची ताई दर सोमवारी बॅटरी घेऊन यायची. "काका, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. सगळी भांडी ओता." मी म्हणायचो, ताई, आमच्याकडं नळच नऊ दिवस कोरडा पाळतो, त्याला सांगा. ती येताना दिसली की कढयांवर मंडपाचं कापड टाकायचो आणि सांगायचो, लग्नाचा माल आहे, बांधून ठेवलाय, सोडता येत नाही. ती बिचारी पुढच्या घरी जायची. मला वाटायचं, काय डोकं चालवलं आपण.

त्या रविवारी शकूला ताप भरला. अंग इतकं तापलं की पापड ठेवला असता तर भाजून निघाला असता. ठेवला नाही, कारण पापड संपले होते. म्हणाली, "डोळ्याच्या मागं कुणीतरी मेख ठोकायलंय." मंडपवाल्याची बायको, तिला मेखच सुचणार. माझ्या गुडघ्यासाठी आणलेली दुखण्याची गोळी मी तिला दिली. डॉक्टरांनी नंतर यावरून माझी चांगलीच हजेरी घेतली. डेंगूत तसल्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, द्यायची ती फक्त पॅरासिटामॉल, तीही विचारून. हे तुम्ही लक्षात ठेवा. बाकी मी सांगतो त्यातलं निम्मं विसरलात तरी चालेल.

मंगळवारी दवाखान्यात न्यायचं तर गल्लीत ऑटो येईना. नवीन नळयोजनेसाठी दोन वर्षांपूर्वी चर खणलेली आहे. तिच्यात पाइप नाही, पाणी नाही, फक्त आश्वासन आहे. फळीवरून शकूला हात धरून पलीकडं नेलं. माझ्या मंडपाचीच फळी. या शहरात नळाच्या चरीवर पूलसुद्धा ज्याचा त्यानं आणायचा.

डॉक्टरांनी परवाचं ऐकलं नाही, त्याच दिवशी भरती झाली. सलाइन लागलं. रोज सकाळी रक्त घ्यायचे आणि दोन गोष्टी बघायचे. एक प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणारे बारीक कण, ते डेंगूत घटतात. दुसरी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती दाट झालंय ते. रक्ताच्या नळ्यांतून पाणी पाझरून गेलं की मागं रक्त दाट होतं. मी म्हणालो, डॉक्टर, हे आमच्या शहराच्या पाइपासारखंच आहे की. ते हसले नाहीत.

आणि नळाचं काय झालं? बुधवारी आला नाही. कुठंतरी पाइप फुटला म्हणे. गुरुवारीही नाही. गावजेवणं उठवलेला माणूस मी, घरात चार बोटं पाण्यावर आलो.

गुरुवारी सकाळी शकूचा ताप उतरला. मी ताबडतोब पेढे आणून अख्ख्या वॉर्डात वाटले. डॉक्टर राउंडला आले, त्यांनाही एक पुढं केला. त्यांनी तो ट्रेमध्ये ठेवून दिला.

"पेढे कसले वाटताय? डेंगूत ताप उतरल्यावरचे दोन दिवस सगळ्यात जपायचे असतात. पोटात दुखलं, उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं, ग्लानी आली, तर लगेच सांगायचं."

दुपारी शकूच्या पोटात दुखायला लागलं. चूळ भरली ती लाल. प्लेटलेट बावीस हजारांवर आल्या होत्या. आदल्या दिवशी साठ होत्या. मी आयुष्यभर हजार गोष्टी फुगवून सांगितल्या, पण हे आकडे जसेच्या तसे सांगतोय. ती डोळे मिटून पडली होती आणि मी हाक मारली की नुसतं "हूं" करायची. ही बाई साधं "हूं" कधीच करत नाही. तिचं "हूं" चार वाक्यांचं असतं.

डॉक्टरांनी विचारलं, घरी पाणी साठवता का? हा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, आमच्याकडं काही नाही, शेजारी नामदेवचं पंक्चरचं दुकान आहे, तिथं जुन्या टायरांचा डोंगर आहे, तिथूनच आलाय. दवाखान्यातून आरोग्य खात्याला कळवलं गेलं, आणि तासाभरात ताईचा फोन आला. "काका, जरा घरी या."

शकूजवळ नामदेवची बायको कांता बसली. ज्याच्यावर मी आळ घातला त्याच्याच घरचा डबा घेऊन ती आली होती, हेही सांगून टाकतो.

घरी गेलो. ताईनं आधी नामदेवचे टायर बघितले होते. सगळे कोरडे. प्रत्येक टायरला खालून भोक पाडलेलं. मग तिनं माझ्या कढयांवरचं कापड उचललं. तळाशी उरलेल्या पाण्यात पांढरी वाटी बुडवली आणि माझ्या नाकासमोर धरली. आत बारीक अळ्या वळवळत होत्या, उलट्या सुलट्या, एखादी वरात नाचत चालावी तशा.

"काका, हा लग्नाचा माल का?"

मी कापडाची घडी घालायला लागलो. असं आजवर घडलेलं नाही, गल्लीत कुणालाही विचारा.

ताई म्हणाली, नुसतं ओतून भागायचं नाही. अंडी भांड्याच्या काठाला चिकटून राहतात, कोरडी पडली तरी मरत नाहीत, पाणी आलं की पुन्हा तेच. घासायला पाहिजे. मी काथ्या घेऊन बसलो. सहा कढया, बारा पिंपं. मग हौदात उतरलो आणि शेवटच्या चार बोटांशी थांबलो.

मी काही असल्या गोष्टी मानणारा नाही. पण बायको तिकडं रक्ताची चूळ भरत असताना माणूस सगळंच मानतो. तळ काढला आणि हिला काही झालं तर? जन्मभर मीच मला म्हणणार, की हौद उपसला तू. आणि उद्या नळ येणार की नाही तेही ठाऊक नाही. घरात प्यायलासुद्धा उरणार नव्हतं. हातात बादली धरून मी तसाच उभा.

भिंतीवरून नामदेव बघत होता. "काय करायलाव काका?"

मी म्हणालो, काही नाही.

"गेल्या साली माझ्या पोरीला झालता डेंगू. तवापासून टायरला भोकं पाडतो. जन्मभर भोकं बुजवली, पण ही पाडली. लोक हसले मला." माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमीबी हसलाव."

हसलो होतो. त्याच्या दुकानासमोर खुर्ची टाकून हसलो होतो.

मी बादली भरली आणि ओतली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तळ दिसला. साधा सिमेंटचा तळ होता. काठापर्यंत घासून काढला.

संध्याकाळी दवाखान्यात शकूनं डोळे उघडले. पहिला प्रश्न, "नळ आला का?"

"आला. हौद काठोकाठ आहे."

"शपथ?"

मी हौदाची शपथ घेतली. रिकाम्या हौदाची शपथ लागत नसावी.

शुक्रवारी सकाळी प्लेटलेट चोवीस हजार. मला दोन हजारांनी काय होतंय असं वाटलं, पण डॉक्टर पहिल्यांदा नीट हसले. "आकडा फिरला. पोटही मऊ आहे." शनिवारी अठ्ठेचाळीस. सोमवारी सुट्टी. या वेळी मी पेढे डॉक्टरांना विचारून आणले.

फळीवरून शकू घरी आली आणि चप्पल काढायच्या आधी हौदाकडं गेली. झाकण उचललं. नळ तोवरही आलेला नव्हता. मी मागं उभा राहून मनात तीन गोष्टी रचून ठेवल्या होत्या, एकीत तर माकडांची टोळीही होती.

ती वाकून आत बघायला लागली. "तळ दिसायलाय," म्हणाली.

मी माकडांना परत पाठवलं.

मग तिनं भिंतीला टेकून हात आत घातला आणि कोपऱ्यातून बोट फिरवलं. बोट माझ्यापुढं धरलं. हिरवट शेवाळ. "हा कोपरा राह्यलाय," म्हणाली. "काथ्या द्या इकडं."

मी दिला नाही. मीच उतरलो.

तेवढ्यात नामदेव दोन घागरी घेऊन आला. घागरींच्या तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं. त्याच्याकडंही नळ आलेला नव्हता. कुठून आणलं विचारलं तर म्हणाला, "काका, तुमी प्या. आन् घागरीला भोक न्हाई, बघून घ्या."

डॉक्टरांचे, ताईचे उपकार आहेतच. पण त्या दोन घागरींचं पाणी आम्ही ज्या चवीनं प्यायलो, ती मी कितीही फुगवून सांगितली तरी कमीच पडेल.

तर माझ्यासारख्या भरून ठेवणाऱ्यांना एवढंच सांगणं. ताप उतरला म्हणून नाचू नका. भांडी झाका, ओता, घासा. शेजाऱ्याचे टायर मोजण्याआधी आपलं कापड उचला. आता ताई आली की शकू स्वतः बॅटरी घेऊन पुढं होते आणि आधी कढया दाखवते. तळ झाकायची तिची सवय गेलेली नाही, ती फक्त गव्हाच्या डब्यात गेली. तिथं मूठभर गहू कायम असतात.

नळ सोळाव्या दिवशी आला. पहिल्या दोन घागरी नामदेवच्या घरी गेल्या. चर अजून तशीच आहे आणि फळी माझीच आहे. आठवड्यातून एक दिवस आम्ही कोरडा पाळतो. बाकीचे दिवस नळ पाळतो.