ओवशाचं सूप

“आई, मला मरायचंय,” आतल्या खोलीत भिंतीला टेकून सून म्हणाली. बाहेर माझी नणंद गौरीपुढे सांडलेली फळं वेचत होती. म्हणत होती, “देवीने सूप नाकारलं गं!”

देवीने काही नाकारलं नव्हतं. सुनेचे हात थरथरले, सूप निसटलं. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, मज्जातंतूंचा आजार. आमच्या कोकणातल्या सुना गौरीला ओवसतात, फळापानांनी भरलेलं सूप धरून देवीपुढे हलवतात. जोगेश्वरीच्या दोन खोल्यांतही आम्ही ते सोडलं नाही. तिला झेपणार नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. नणंद म्हणाली, “ओवसा उभ्यानेच करायचा.”

हातपाय बिघडले तेव्हा सगळे धावले. मग मन बिघडलं, ती जेवेना, बोलेना, तर म्हणे आळस, म्हणे नाटक. मनाच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, त्या नणंदेने कपाटावर फेकल्या. “वेड्यांच्या गोळ्या त्या. आधी गावी देवाला गाऱ्हाणं घालू.” माझा मुलगा आत्यापुढे तोंड उघडेल तर शपथ!

मी उघडलं. “गाऱ्हाणं तू घाल. गोळ्या मी देते.”

गौर जाईपर्यंत थांबले नाही. रिक्षा केली, सुनेला अंधेरीला त्याच बाईंकडे नेलं. मला सांगितलं तेच तिने तिथे सांगितलं. बाई म्हणाल्या, “ही उदासी या आजारातही येते. उपचार आहेत. हिला एकटं सोडू नका, गोळ्या मनाने बंद करू नका.” गोळ्यांचा डबा मी माझ्या ताब्यात ठेवला.

लगेच काही झालं नाही. दर आठवड्याला तिला बाईंशी बोलायला नेत होते. मी बाहेर बाकड्यावर. आत माझ्याविरुद्धही बोलली असेल. बोलू दे.

एका दुपारी ताट सारून म्हणाली, “आमटीत मीठ नाही, आई.” किती महिन्यांनी तिला चव कळली होती!

पुढच्या गौरीला ती खुर्चीत बसली, सूप मांडीवर.

“बसून ओवसा?” नणंद म्हणालीच.

“मग धरा ना आत्या एक बाजू,” सून म्हणाली.

तिने धरली नाही. मी धरली. नणंदेशी मी आजही कामापुरतं बोलते.

त्या दिवशी मरायचं म्हणाली ती माझी सून. ती जिवंत आहे.