माहेरचं दुखणं

पाळी आली की मी आडवी व्हायची. साताऱ्याला होते तोवर आई शेकायला गरम पाण्याची पिशवी द्यायची आणि म्हणायची, आपल्या घरातल्या बायकांची पोटं अशीच. लग्न होऊन सांगलीला गेले, मूल होईना, तेव्हा सासूबाई मला मिरजेला घेऊन गेल्या.

दुर्बीण घालून तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर अंडाशयावर वाढलं होतं. हे म्हणजे कॅन्सर नव्हे, त्या म्हणाल्या. पण माहेरी कुणाला अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर मला जास्त जपावं लागेल, घरातल्या बाकीच्या बायकांनाही तपासावं लागेल. झालाय का कुणाला?

आई साताऱ्याहून मुद्दाम आली होती. शेजारी तिची विहीण बसलेली. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न सासूबाईंच्याच भाच्याशी ठरत आलेलं.

आईनं पदर सारखा केला. "छे हो, आमच्याकडे कुणालाच नाही."

तिची सख्खी बहीण, माझी वाईची मावशी, त्यानंच गेली होती. लोकांना काविळीनं गेली म्हणून सांगितलं होतं. मुली उजवायच्या असल्या की आमच्याकडे मेलेल्या बाईचं दुखणंसुद्धा बदलतात.

मला भयंकर संताप आला. पुढच्या खेपेला नवऱ्याला घेऊन गेले आणि खरं काय ते सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईलाही लवकर आणा. आई ऐकेना. मिरजेच्या दवाखान्यात कुणी पाहिलं तर ठरलेलं मोडेल, म्हणाली. आधी कार्य पार पडू दे.

कार्य पार पडलं. पंगतीत तिला दोन घास जाईनात. पोट गच्च वाटतं, जागरणानं असेल, म्हणाली. ब्लाउजच्या शिवणी तिनं आधीच उसवून घेतल्या होत्या.

मिरजेला तिचं पोट उघडलं आणि काही न काढता परत शिवलं.

शेवटच्या दिवसांत तिनं मला जवळ बोलावलं. आवाज पार खोल गेला होता.

"धाकटीला दाखवून आण. पण तिच्या सासरी कळू देऊ नकोस."

मी तिला शब्द दिला नाही. त्या रागातच तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत राहिले.