चार तासांत होईल तेवढंच काम

माझ्या बायकोचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असायचं, सकाळी नऊ ते एक. आम्ही राहायला गडहिंग्लजला, मशीन कोल्हापुरात. मध्ये साधारण सत्तर किलोमीटर. एसटीनं तिला दोनदा नेलं. दुसऱ्या खेपेला परत येताना तिचं बीपी उतरलं आणि निपाणीच्या स्टँडवर ती बाकावर आडवी झाली. तेव्हापासून आमची जुनी आठशे सीसीची गाडीच. गाडी चौदा वर्षांची होती. मी ती तिसऱ्या मालकाकडून घेतली होती.

दवाखान्याचा नियम सरळ होता. एक वाजता त्याच मशीनवर दुसरा पेशंट लागायचा. तुम्हाला उशीर झाला तर तुमचे तास कमी व्हायचे, पुढे सरकायचे नाहीत.

२००३ च्या फेब्रुवारीत गाडी तापायला लागली. कागल यायच्या आत काटा वर जायचा. मग थांबायचं, बॉनेट उघडायचं, इंजिन गार होईपर्यंत वाट बघायची, पाणी भरायचं. पहिल्या दिवशी त्यात अर्धा तास गेला. मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होतो. नोंद ठेवायची सवय अंगात मुरलेली. डायरीत लिहिलं : उशीर तीस मिनिटे.

बायकोला मशीनवर लावून मी गाडी उद्यमनगरातल्या एका गॅरेजवर नेली. मिस्त्री पन्नाशीचा, तोंडाचा फटकळ. त्यानं इंजिन चालू ठेवून रेडिएटरचं झाकण उघडलं, मला रेस द्यायला लावली आणि पाण्यात बघत राहिला. मग ऑइलचं झाकण काढून माझ्यापुढं धरलं. आतून दुधाळ साय धरली होती.

"पाण्यात बुडबुडं येत्यात. ऑइलात पाणी चाललंय. हेड गॅसकेट गेलाय, पावणं. इंजिन खोलायला लागतंय."

इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड. ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो, तो जळला होता. खर्च त्यानं तिथंच सांगितला : गॅसकेट, हेड घासून सपाट करायचं फेसिंग, ऑइल, मजुरी धरून बेचाळीसशे. दिवस लागणार चार.

मी मनात मांडणी केली. शुक्रवारी गाडी टाकली तरी सोमवारी उद्यमनगर बंद, म्हणजे मंगळवारी मिळणार नाही. भाड्याच्या गाडीच्या दोन फेऱ्या धरल्या तर एकेक नऊशे. एकूण सहा हजार. माझा पगार सात हजार आठशे होता आणि डायलिसिसला महिन्याला त्याहून जास्त लागत होते. ते प्रॉव्हिडंट फंडातून चालले होते.

"आधी दुसरं काही बघू या," मी म्हणालो. "थर्मोस्टॅट असू शकेल. एक वाजेपर्यंत होईल असं काय आहे?"

मिस्त्री हसला. "बायकोला दवाखान्यात ठेवून हिकडं मला औषध सांगायला आलाय व्हय?"

"पैसे माझे आहेत."

"मग काय, तुमी म्हणशीला तसं."

आमच्या स्टोअरमध्ये एखादं यंत्र बंद पडलं की आधी स्वस्त सुटा भाग बदलून बघायचा आणि मग वर जायचं, अशी रीत होती. मी तीच गाडीला लावली. फरक एवढाच की तिथं यंत्र बंद करून बघत. मी तापलेली गाडी दर खेपेला तशीच हाकत होतो.

त्या दिवशी रेडिएटरची कॅप बदलली, साठ रुपये. नंतर थर्मोस्टॅट, दोनशे ऐंशी. रेडिएटर काढून साफ करून घेतला, साडेचारशे. पंख्याचा स्विच एकशे नव्वद, होज पाइप आणि कूलंट तीनशे चाळीस. शेवटी वॉटर पंप, मजुरीसह साडेअकराशे. प्रत्येक काम तिच्या चार तासांत बसणारं. ती मशीनवर, गाडी गॅरेजवर. दोघींना घेऊन मी दुपारी निघायचो. एकेका कामानंतर काटा दोन-तीन फेऱ्या शहाण्यासारखा वागायचा आणि मला वाटायचं, सापडलं. मग पुन्हा तवंदी घाट चढताना वर.

बायको मागच्या सीटवर उशी घेऊन पडलेली असायची. एकदा मी रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभा असताना ती आतून म्हणाली, "अहो, तिचं पाणी जास्त झालंय का कमी?"

"कमी."

"मग माझ्यातलं काढून घाला की."

मी हसलो. तिच्या पायांवरची सूज मोज्यांच्या वर आली होती, ते मला दिसत होतं.

सात आठवड्यांत असा पाच वेळा उशीर झाला. दवाखान्यातली नर्स एकदा म्हणाली, "काका, तासभर आधी निघत जावा की." आम्ही सहाला निघतच होतो.

शेवटचा शुक्रवार. कागल पंचतारांकित एमआयडीसीच्या फाट्याजवळ सायलेन्सरमधून पांढरा धूर आला आणि इंजिन बंद पडलं. मी पाणी ओतलं, ते आत कुठं गेलं कळलं नाही. तिला रस्त्याकडेला दगडावर बसवून मी हात करत राहिलो. बऱ्याच वेळानं एका दुधाच्या टेम्पोवाल्यानं तिला केबिनमध्ये घेतलं. मी मागं दुधाच्या कॅनांच्या मधे उभा. मशीन लागलं तेव्हा अकरा चाळीस झाले होते. तिला एक तास वीस मिनिटं मिळाली.

"उद्या परत या, जागा झाली तर करू," असं तिथं सांगितलं होतं. भाड्याची गाडी नऊशे रुपये. तीच म्हणाली, "मंगळवारी बघू." मी आग्रह केला नाही.

रविवारी दुपारी जेवताना तिला धाप लागली. आडवं होता येईना. गाडी करून कोल्हापूर गाठलं, त्या वेळी भाडं मी विचारलंही नाही. छातीत पाणी झालं होतं. बुधवारी ती गेली.

कागद घ्यायला गेलो तेव्हा डॉक्टरांपुढं मी डायरी ठेवली. तीस, पंचेचाळीस, साठ, वीस, पंच्याहत्तर, एकशे साठ. एकूण साडेसहा तास. ते मिळाले असते तर फरक पडला असता का, एवढंच विचारलं.

"असा हिशेब होत नाही हो," ते म्हणाले. "तिचं हृदय आधीपासूनच कमजोर होतं." त्यांनी डायरी मिटून माझ्याकडं सरकवली.

गाडी मिस्त्रीनं फाट्यावरून ओढून आणली होती. तेराव्यानंतर मी गेलो. हेड खोलून फळीवर ठेवलेलं. दोन व्हॉल्व्हांच्या मधे केसाएवढी चीर होती, ती त्यानं नखानं दाखवली. हेड आता दुसरं घालावं लागणार होतं. गाडीच्या किमतीच्या निम्मा खर्च. त्यानं सांगायच्या आधीच मी ते ओळखलं होतं.

"पहिल्या दिवशी खोललं असतं तर?" मी विचारलं.

"हेड वाचलं असतं." तो कापडानं हात पुसत होता. "बाकीचं मला इचारू नका, पावणं."