मेंदीच्या हातावरचा किडा

झुलिखाला आमच्या गल्लीत समोरासमोर सगळे मानाने ‘लल्ला झुलिखा’ म्हणत आणि तिची पाठ वळली की ‘माश्यांची फोटोवाली’. मी तिची शेजारीण, आणि धंद्यानेही तिच्या जोडीची. आमच्या त्लेमसेन गावात लग्न निघालं की बायकांच्या बाजूला मिठाई करणारी लागते आणि फोटो काढणारी लागते. मिठाई माझी, फोटो तिचे. त्यामुळे तिचे सगळे चाळे मी जवळून पाहिलेत आणि त्यातल्या निम्म्यांवर तोंडही सोडलंय.

बायकांच्या बाजूला फोन चालत नाही. दारात टोपली ठेवलेली असते, त्यात फोन टाकायचा आणि मगच आत यायचं. आत कॅमेरा एकच, झुलिखाचा. लग्न उरकलं की ती दोन्हीकडच्या आयांना समोर बसवायची, छापलेले फोटो त्यांच्या हातात द्यायची आणि त्यांच्या डोळ्यांदेखत स्वतःकडचं सगळं पुसून टाकायची. नटलेली पोर परक्या पुरुषाच्या नजरेला पडू नये, एवढंच लोकांना हवं असतं. झुलिखाच्या हातून असा एक फोटो कधी कुठे गेला नव्हता. बाकी तिच्याबद्दल लोक काय वाटेल ते बोलायचे, पण याबाबत तिचा शब्द म्हणजे शब्द.

पण तिचा जीव नवरीमुलींत नव्हताच. तो सरपटणाऱ्या, उडणाऱ्या, गुणगुणणाऱ्या जिवांत होता. बापाचा फोटोचा धंदा भावांनी समुद्रापलीकडे जाताना तिच्या गळ्यात टाकला, तेव्हापासून पोट भरायला माणसं आणि मन भरायला किडे, असा तिचा संसार. लग्न केलं नाही. एकदा एक स्थळ तिला बघायला आलं होतं म्हणतात. मुलाची आई कॉफी पिऊन मुद्द्यावर येणार, तर ही खुर्चीवर चढून छताजवळच्या पालीवर कॅमेरा रोखून उभी. ते लोक गेले आणि परत आले नाहीत. तिला विचारलं तर म्हणायची, पाल मात्र छान आली.

घरात एक काणी मांजर, आणि एक कासव. कासवाचं नाव हाजा, म्हणजे हजला जाऊन आलेली, कारण कुठे निघाली की महिनाभर परत येत नसे. माझ्या दारातला पुदिना ह्याच हाजाने किती वेळा साफ केला त्याची गणती नाही. मी भांडायला गेले की झुलिखा मला पुदिना खातानाचा हाजाचा फोटो दाखवायची, आणि तो इतका गोड असायचा की माझं भांडण घशातच राहायचं.

पुरुष तिच्याकडे यायचे ते पाखरं घेऊन. आमच्याकडच्या पुरुषांचा त्या लाल तोंडाच्या, पिवळ्या पंखांच्या गाणाऱ्या पाखरावर बायकोपेक्षा जास्त जीव. पिंजरा फडक्याने झाकून नेतात, नजर लागू नये म्हणून. फोटोसाठी फडकं काढायचं ते फक्त झुलिखासमोर, कारण ती बटण दाबण्याआधी दर वेळी ‘माशाल्लाह’ म्हणायची. तिची ती सवयच झाली होती. गोगलगाईलाही माशाल्लाह, गांधीलमाशीलाही माशाल्लाह.

एकदा एका लग्नात माझ्या मधात बुडवलेल्या मिठाईच्या ताटाला मुंग्या लागल्या. मला वाटलं, ही पाहील तर ओरडून सांगेल. ही चांगले कपडे घालून फरशीवर पोटावर आडवी. मी ताट उचलायला गेले तर म्हणते, थांब, रांग मोडेल. तो फोटो मी दुकानात लावावा असंही वर सुचवलं. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

मग आलं अमारियाचं लग्न. अमारिया म्हणजे वरच्या गल्लीतल्या यमीनाची मुलगी, भावांच्या पाठीवर झालेली एकुलती एक, आणि भयंकर हसरी. शाळेत हसण्यापायी मार खाल्लेली. आमच्याकडे नवरीने मान खाली घालून, डोळे जमिनीला लावून बसायचं असतं. दात दिसले तर सासर म्हणणार, पोरीला माहेर सोडायची घाई झालेली. यमीना सकाळपासून तिला बजावत होती, आज एक दिवस तोंड मीट, उद्यापासून हवं तेवढं हस.

मेंदी दुपारी यमीनाच्या अंगणात होती, जाईच्या वेलाखाली. अमारिया लाल-सोनेरी काफ्तान घालून पुतळ्यासारखी बसली होती. यमीनाने तिचा एक हात खालून धरला होता. दुसऱ्या हाताच्या तळव्यावर सासू मेंदी लावून त्यात सोन्याचं नाणं ठेवणार होती. सासू म्हणजे लल्ला बदिया, मोठ्या घरची, तोंडाने तिखट. या नाण्याचा फोटो म्हणजे सगळ्या लग्नातला सासूचा एकुलता एक मान. बदियाने नाणं उचललं, आणि नेमका तेव्हाच वेलातून एक किडा अमारियाच्या मनगटावर पडला, आईने धरलेल्या हातावर. हिरवा, लांबुडका, पुढचे दोन पाय दुआ मागितल्यासारखे दुमडून बसणारा. आम्ही त्याला नबीचा घोडा म्हणतो, आणि नबीचा घोडा कुणी झटकत नाही.

बायका किंचाळल्या. किड्याने ती तिकोनी मान सावकाश वळवली आणि नवरीकडे वर बघितलं. अमारियाने ओठ दाबले. मग खांदे हलायला लागले. मग ती फुटलीच, मान मागे टाकून, सगळे दात दाखवून हसली. आणि आमची झुलिखा? ती गुडघ्यावर बसून, कॅमेरा किड्याच्या नाकाशी नेऊन म्हणत होती, “बस गं राणी. हलू नकोस. माशाल्लाह, माशाल्लाह.” तिने मान वर केली तोवर नाणं ठेवून झालं होतं आणि मूठ फडक्याने बांधलीही होती.

बदिया आधी सुनेला म्हणाली, “नवरी आहेस. दात झाक.” मग झुलिखाकडे वळली. “नाण्याचा घेतलास ना?”

झुलिखाला खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “राहिला, लल्ला.”

मेंदी काही दोनदा लावत नाहीत. बदियाने फोटो बघायच्या दिवशी सगळं बाहेर काढलं. मीही तिथे होते, माझे डबे परत न्यायला आले होते. एकेक फोटो डोळ्यांपुढून जात होता, अमारिया मान खाली घालून, अमारिया डोळे मिटून, आणि मध्येच तो हिरवा किडा. बदिया म्हणाली, माझा हात नाही आणि ह्याचा सोहळा आहे? झुलिखाने खालच्या आवाजात विचारलं, यात कुणाचा चेहरा नाही, हा एक मी ठेवून घेऊ का? बदिया म्हणाली, ठेव, असली घाण माझ्या घरात नको. यमीना मुलीची आई, ती काय बोलणार. छापलेल्यांचा एकच आल्बम झाला, तो सासरी गेला, आणि बाकीचं सगळं त्या दोघींसमोर पुसलं गेलं.

पुढे बदियाची जीभ आणि आमचं गाव. लग्न म्हटलं की लोक विचारायचे, ती नवरी सोडून माश्यांचे फोटो काढते तीच ना? झुलिखाची कामं सुटत गेली. ओळखपत्राचे फोटो आणि पुरुषांची पाखरं, यावर ती दिवस काढू लागली. मी चिडून म्हणायचे, एका किड्यापायी धंदा बुडवलास. तिचं उत्तर ठरलेलं. “हो गं हूरिया. पण त्याने मान वळवून बघितलं होतं.”

तो फोटो तिने मोठा करून बसायच्या खोलीत लावला, पाल, गांधीलमाशी आणि हाजाच्या रांगेत. रोज त्याच्यासमोर बसून मी कॉफी प्यायले. हिरवा किडा, त्याच्याखाली थोडं मनगट, मागे लाल-सोनेरी काहीतरी धूसर. मला तो पडदा वाटायचा.

अमारिया नवऱ्याबरोबर ओरान शहरात राहायला गेली, आणि तिसऱ्या वर्षी गेलीच. रक्ताचा आजार म्हणाले. काही महिन्यांनी नवऱ्याचं दुसरं लग्न ठरलं, आणि नवी सून येण्याआधी बदियाने अमारियाचा लग्नाचा आल्बम जाळला. मेलेल्या पोरीचे नटलेले फोटो ठेवू नयेत, तिच्या जिवाला तिकडे शांतता मिळत नाही, असं ती मानायची. ती दुष्ट नव्हती. जाळताना रडली, हे तिच्या मोलकरणीने मला सांगितलं. पण यमीनाच्या हातात राहिला तो एक ओळखपत्राचा फोटो, ज्यात अमारिया पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसते.

हिवाळ्यातल्या एका दुपारी यमीना झुलिखाकडे आली. मी तिथेच होते, पुदिन्याच्या भांडणासाठी. यमीनाने कॉफी घेतली, मांजराची चौकशी केली, थंडीची केली. कप खाली ठेवून मग म्हणाली, “तुमच्या धंद्यातली माणसं कधी कधी एखादा ठेवतात म्हणे. राहून जातो. मी कुणाला सांगणार नाही, झुलिखा.”

झुलिखाचं तोंड उतरलं. माझ्या मनात आलं, ही बाई थोडी लबाड असती तर काय बिघडलं असतं. देवाची शपथ, त्या क्षणी मला तिच्या इमानदारीचा राग आला.

“तुमच्यासमोर पुसले, लल्ला,” ती म्हणाली. “एकही ठेवला नाही.”

“माहीत आहे. मीच पाहत होते. तरी विचारलं.”

यमीना उठली. चादर अंगाभोवती घेताना तिची नजर भिंतीवर गेली, आणि चादर हातातच राहिली. ती त्या हिरव्या किड्याच्या फोटोजवळ गेली. किड्याकडे तिने पाहिलंही नाही. काचेवर, मागच्या त्या धूसर पडद्यावर बोट टेकवून म्हणाली, “हसतेय.”

आम्हाला आधी कळेना. झुलिखा चष्मा पुसून पुढे झाली. आणि मग ते मलाही दिसलं, आणि एकदा दिसल्यावर दिसायचं थांबेना. लाल-सोनेरी होता तो काफ्तान. वरची पांढरी रेघ म्हणजे दात. मान मागे टाकून, तोंड उघडून अमारिया हसत होती. तोंडवळा कळत नव्हता, तिच्या भावांनाही ओळखू आली नसती. आल्बम शाबूत असता तरी त्यात हे हसू नव्हतंच, त्यात सगळीकडे तिची मान खाली होती.

“मला किडाच दिसायचा,” झुलिखा म्हणाली आणि हुंदका देऊन रडली. तिला तसं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, ते स्थळ मोडलं तेव्हाही नाही.

तिने फोटो भिंतीवरून काढून यमीनाच्या हातात दिला. यमीनाने तो घरी नेऊन सरळ पाहुण्यांच्या खोलीत लावला, जिथे पुरुष बसतात. बाईमाणसाचा फोटो आमच्याकडे तिथे कुणी लावत नाही, पण किड्याला कोण हरकत घेणार? मशिदीतले इमामसाहेब त्याच्याखाली बसून कॉफी पिऊन गेले, आणि अल्लाची कारागिरी बघा म्हणाले. मागे काय आहे असं कुणी विचारलं तर यमीना सांगायची, पडदा.

पुरुषांना तो पडदाच राहिला. बायकांत मात्र गोष्ट आठवड्याभरात पोचली, ती कुणी पोचवली ते विचारू नका. मग एकेक आई झुलिखाच्या दारात यायला लागली. लग्नाचं काम द्यायची, आणि जाता जाता सहज सुचल्यासारखं म्हणायची, एखादा किड्याचाही निघाला तर बघ. आज आमच्या गल्लीत बऱ्याच घरी पुरुषांच्या खोलीत मधमाशी आहे, गोगलगाय आहे, एका घरी तर माझ्या ताटातली मुंगी आहे. मागे सगळीकडे काहीतरी धूसर. पुरुष म्हणतात, झुलिखाने गावाला निसर्गाची गोडी लावली.

ईदला बदिया यमीनाकडे आली तेव्हा मी मिठाईचं ताट घेऊन तिथेच होते. भेटायचं म्हणून आली होती, बसायचा तिचा विचार नव्हता. तिने किडा ओळखला. बराच वेळ बघत राहिली, मग जवळ जाऊन बघितलं. तिचा चेहरा बदलला.

“मीच म्हणाले होते तिला, दात झाक,” ती म्हणाली.

यमीनाने तिचा दंड धरून तिला फोटोसमोरच्या जागेवर बसवलं आणि कॉफी ओतली. मी तोंड आवरून मिठाईचं ताट पुढे सरकवलं, आणि मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे की हे सोपं नाही.

या उन्हाळ्यात बदियाच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. बदिया स्वतः झुलिखाकडे आली. सगळं मोठ्या थाटात समजावून सांगितलं, कोण कुठे बसणार, आणि या वेळी नाण्याचा फोटो चुकला तर बघ म्हणून दमही दिला. झुलिखा हो म्हणत होती. बदिया उंबऱ्यापर्यंत गेली, चादर सारखी केली, आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, “मेंदीच्या वेळी एखादा किडा आला तर त्याचाही घे.”

“बोलावून येत नाहीत ते, लल्ला.”

“मग तू घेऊन ये. कुठलाही चालेल,” बदिया म्हणाली. “माझीही पोर हसरी आहे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी झुलिखा भोकं पाडलेली डबी घेऊन आपल्या दारातल्या जाईच्या वेलाखाली बसलेली दिसली. मला किड्यांची किळस येते, ती अजूनही येते. तरी मी हातातलं पीठ झटकलं आणि दुसरी डबी घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसले.