तोंडावर सांगणारे वैद्यमामा

केजला आमच्या शेजारी राहणारे वैद्यमामा नाडी पाहताना रोग्याच्या डोळ्यांत बघत. दुखणं बरं होणारं नसेल, तर तसं तोंडावर सांगत. काहीजण या भीतीनेच पायरीवरून परत फिरत.

"वात, पित्त, कफ आपापल्या जागी असले की माणूस बरा असतो. एक बिघडला की बाकीच्यांना ओढतो," असं ते समजावून सांगायचे. पुडी बांधण्याआधी भूक, झोप आणि कोठा साफ होतो का, ते विचारायचे. पण त्याहीआधी पाहायचे, रोग साध्य आहे की असाध्य. "जे बरं होणारच न्हाई त्याला काढे पाजत बसणं ही वैद्यकी न्हाई, लबाडी हाय." घाटनांदूरच्या एका म्हाताऱ्याला त्यांनी सरळ सांगितलं, "बाबा, लेकींना बोलावून घ्या." त्याचा मुलगा अंगावर धावून आला. म्हाताऱ्यानेच त्याला अडवलं, "गप बस बे. खरं सांगितलं त्यांनी."

करोनानंतरच्या उन्हाळ्यात मामींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, जेवण तुटलं. डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. मामांनी काढा न देता त्यांना थेट शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. यकृतातली गाठ सगळीकडे पसरली होती. डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच न्या.

मी भाकरी घेऊन गेले, तेव्हा मामी विचारत होत्या, "समद्यांना सांगता. माझं काय हाय?"

मामांनी त्यांचा हात धरला. नाडीवर बोटं ठेवून खिडकीकडे बघत म्हणाले, "पित्त लई खवळलंय. उतरंल."

"बरं," मामी म्हणाल्या.

त्यानंतर मामा दिवसातून अनेकदा काढा करून द्यायचे. मामी तोंड वाकडं न करता प्यायच्या. एकदा मामा बाजारात गेले असताना मामींनी हातातल्या पाटल्या काढून मला दिल्या. "माझ्या सुनंला दे, मी गेल्यावर. यांना बोलू नको. त्यांना वाटतंय, मला कळलंच न्हाई."

पोळ्याच्या आधी मामी गेल्या. तेराव्यानंतर मी पाटल्या सुनेच्या हाती दिल्या. मामा तिथेच बसले होते. मामींनी त्या कधी दिल्या, काय म्हणाल्या, असं त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं.



"मंजी तिला ठावं होतं," मामा म्हणाले. "किती बोलायचं ऱ्हायलं होतं गं आमचं. आमी आपलं पुढच्या उन्हाळ्याच्या पापडांवरच बोलत बसलो."